श्राव्य पुस्तकातील निवेदकाचा स्वर : अद्भुतकथा आणि वैचारिक गद्य
(जुन्नर-आंबेगाव परिसरातील श्रवणपरंपरेच्या संदर्भात)

१.

श्राव्य पुस्तक, म्हणजे ज्यास आपण सर्रास ऑडिओबुक म्हणतो ते, मराठी ग्रंथव्यवहारात आता नवलाईचे राहिलेले नाही. दृष्टिहीन वाचकांसाठी 'बोलकी पुस्तके' ध्वनिमुद्रित करण्याचे काम आपल्याकडे पूर्वीपासून चालू होते. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाचे सुलभ रूप तयार करण्यास कायद्याचा आधार मिळाला. २०१७ च्या नोव्हेंबरात स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी भारतात आली आणि मराठी कथा-कादंबऱ्या मोबाइलवर ऐकण्याची सोय सर्वसाधारण वाचकासही झाली. पुणे-नाशिक मार्गावर मंचर ते नारायणगाव असा रोजचा प्रवास करणारा अध्यापक आज प्रवासात पुस्तक ऐकू शकतो. तथापि 'आवाज गोड आहे', 'वाचन कंटाळवाणे झाले आहे' यांसारख्या शेऱ्यांपलीकडे जाऊन या वाचनाची चिकित्सा करण्याची परिभाषा आपण अद्याप घडविलेली नाही.

प्रस्तुत लेखात एका श्रोत्याच्या भूमिकेवरून दोन साहित्यप्रकारांच्या श्राव्य रूपाचा विचार करावयाचा आहे : अद्भुतकथा आणि वैचारिक गद्य. याविषयीची रूढ समजूत अशी की, अद्भुतकथेस अभिनयकुशल, नाट्यपूर्ण आवाज हवा. वैचारिक ग्रंथास मात्र स्वच्छ, तटस्थ, सपाट वाचन पुरेसे असते. माझे प्रतिपादन याच्या उलट आहे. अद्भुताचे वाचन संयत असावे लागते आणि अर्थनिर्णयाची खरी जबाबदारी वैचारिक गद्याच्या निवेदकावर अधिक पडते. हे प्रतिपादन पारखण्यासाठी जुन्नर-आंबेगाव या दोन तालुक्यांतील श्रवणपरंपरेचा आधार घेतला आहे. कीर्तन, पोथीवाचन आणि तमाशा या तिन्ही परंपरा येथे परस्परांच्या शेजारी नांदत आलेल्या आहेत.

२.

मराठी वाङ्मयाचा प्रारंभकाळ हा श्रवणाचा काळ आहे. 'ज्ञानेश्वरी' शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झाली, ती श्रोत्यांसमोर सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्ञानदेव श्रोत्यांना संबोधितात, त्यांच्याकडे अवधान मागतात, त्यांचा आक्षेप कल्पून त्याला उत्तर देतात. 'दासबोधा'तील चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे विवेचन येते आणि त्यात पहिला मान श्रवणास दिलेला आहे. श्रीधरांचे 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप' हे ग्रंथ शतकानुशतके महाराष्ट्रात वाचले गेले, त्यापेक्षा अधिक ते ऐकले गेले. पोथीवाचनात एक जण ओवी वाचतो आणि दुसरा तिचा अर्थ सांगतो. एकाच ग्रंथासाठी दोन स्वरांची ही विभागणी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे : वाचणे आणि उलगडणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे परंपरेने ओळखले होते.

नारदीय कीर्तनात ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे येतात. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. निरूपणात कीर्तनकार एका पदातील प्रत्येक शब्दावर थांबतो, प्रतिपक्ष मांडतो, दृष्टांत देतो. आख्यानात तो कथेच्या ओघास वाट करून देतो. विचारासाठी एक स्वर आणि कथेसाठी दुसरा, असा हा भेद कीर्तनात शेकडो वर्षे पाळला गेला आहे.

आधुनिक काळात शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाने हीच परंपरा पुढे नेली. परंतु तेथे लेखक हाच निवेदक होता आणि समोर सभागृह होते. श्राव्य पुस्तकात या दोन्ही गोष्टी उरत नाहीत. लेखक आणि श्रोता यांच्यामध्ये तिसरी व्यक्ती येते आणि तिला श्रोता दिसत नाही. गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकारा द्यावा, ही आपली जुनी रीत. बंद ध्वनिमुद्रणकक्षात निवेदकास हुंकारा मिळत नाही. तो त्याला मनाशी कल्पावा लागतो. चांगल्या आणि सामान्य निवेदकातील पहिला फरक येथे पडतो. पहिला श्रोत्याच्या हुंकाऱ्यासाठी जागा ठेवतो, दुसरा पृष्ठे संपवितो.

३.

अद्भुतकथेचा विचार करताना एक मूलभूत गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. अद्भुत हे श्रोत्यास अद्भुत वाटावयाचे असते, कथेतील निवेदकास नव्हे. निवेदक स्वतःच चकित झाला, तर श्रोत्यासाठी चकित होण्यासारखे काही उरत नाही.

नारायणगाव हे तमाशाचे मोठे केंद्र. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या नावाने ते महाराष्ट्रभर ओळखले गेले. वगात देखावे जवळपास नसतातच. पात्राने बोर्डावर एक फेरी मारली की राजा दुसऱ्या नगरीत पोहोचतो. ही फेरी कोणताही नट आश्चर्याने मारीत नाही. ती तो व्यवहार म्हणून मारतो आणि म्हणूनच प्रेक्षक नगरी पाहू शकतो. अद्भुताच्या निवेदनाचे सूत्र याच फेरीत आहे.

जी. ए. कुलकर्णी यांच्या 'रमलखुणा' (१९७५) या संग्रहातील 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दीर्घकथा या दृष्टीने वाचून पाहाव्यात. नित्याच्या व्यवहारातील स्थळकाळाच्या खुणा पुसलेले हे विश्व आहे. तेथील गद्य मुळातच लयबद्ध आणि प्रतिमांनी भारलेले आहे. निवेदकाने त्यावर कंपित स्वराचा, दीर्घ श्वासांचा आणि पार्श्वसंगीताचा थर चढविला, तर प्रतिमा दबून जातात. जेथे शब्दच गंभीर आहेत, तेथे आवाजाने निराळे गांभीर्य पुरविण्याची आवश्यकता नसते. नारायण धारपांच्या भयकथांबाबत हा धोका अधिक संभवतो. परिचित घर, परिचित माणसे, नित्याचा दिनक्रम आणि त्यात हळूच शिरणारे काही विपरीत, अशी त्यांच्या अनेक कथांची घडण आहे. पहिल्याच परिच्छेदापासून आवाज दबका आणि सूचक ठेवला, तर नित्याचे असे काही उरतच नाही आणि भयास आधार राहत नाही.

जयंत नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी' (१९७९) सारख्या विज्ञानकथांना तर वृत्तांताचाच स्वर शोभतो. येथील श्रोत्यास याचे नवल वाटू नये. नारायणगावाजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जी रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या काही तबकड्या शेतमळ्यांच्या सान्निध्यात उभ्या आहेत. आकाशातील अतिदूरचे संदेश आणि पिकाला पाणी देण्याची पाळी यांचे साहचर्य येथे रोजचे आहे. विज्ञानकथेच्या निवेदकाने साधावयाचे तेही हेच साहचर्य.

पात्रागणिक आवाज बदलण्याची हौस हा आणखी एक मुद्दा. संवादात वक्ता ओळखू यावा इतका स्वरभेद आवश्यक असतो; त्यापलीकडे गेल्यास ते श्राव्य नाटक होते. श्राव्य नाटक हा स्वतंत्र आणि सन्मान्य प्रकार आहे. परंतु पुस्तक ऐकणाऱ्यास लेखकाचे एकसंध गद्य ऐकावयाचे असते.

४.

वैचारिक गद्याची समस्या वेगळी आहे. छापील पानावर वाचकास थांबता येते, मागे जाता येते, परिच्छेदाचा आकार डोळ्यांनी मोजता येतो. मोबाइलवर मागे जाण्याची कळ असली तरी कानाला परिच्छेद दिसत नाही. 'तथापि', 'अर्थात', 'उलट', 'म्हणूनच' ही अव्यये विचाराची वळणे दाखवितात. निवेदकाने ती इतर शब्दांच्या बरोबरीने उच्चारली, तर वाक्ये ऐकू येतात आणि युक्तिवाद हरवतो.

इरावती कर्वे यांच्या 'युगान्त' (१९६७) मधील व्यक्तिचिकित्सेत कथाकथन आणि चिकित्सा एकमेकांत मिसळलेली आहे. महाभारतातील प्रसंग सांगता सांगता लेखिका प्रश्न विचारते, पुरावा तपासते, निष्कर्ष राखून ठेवते. 'युगान्त' केवळ कथेच्या स्वरात वाचले, तर लेखिकेचा तर्क हा कथेचाच भाग वाटू लागतो. श्रोत्यास महाभारतकार कोठे संपले आणि इरावतीबाई कोठे सुरू झाल्या हे कळत नाही. येथे पूर्वरंग आणि उत्तररंग यांतील भेद वाक्यावाक्यात पाळावा लागतो. नरहर कुरुंदकरांच्या 'जागर' सारख्या लेखसंग्रहात प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण बळानिशी मांडून मग त्याचे खंडन येते. निवेदकाने प्रतिपक्षाचे वाक्य ठाम समारोपाच्या सुरात म्हटले, तर अर्धवट ऐकणारा श्रोता तेच लेखकाचे मत समजून चालेल.

स्वर चुकल्याचा परिणाम केवळ रसहानीपुरता राहत नाही, याचे याच परिसरातील उदाहरण बिबट्याविषयीच्या लेखनाचे आहे. जुन्नर वनविभागात २००१ नंतर बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याचा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर झाला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, आधी वर्षाला सरासरी ४ असणारे माणसांवरील हल्ले नंतर १७ वर गेले. सर्वसाधारण समजुतीस धक्का देणारा हा निष्कर्ष आहे आणि त्याचा सारा भार 'उलट' या एका शब्दावर आहे. असा मजकूर सपाट वाचला, तर तो शब्द निसटतो. भयकथेच्या स्वरात वाचला, तर उरते ते फक्त भय. ऊसाच्या फडात रात्री पाणी द्यावयास जाणाऱ्या श्रोत्याच्या दृष्टीने या दोन्ही चुका क्षुल्लक नाहीत. भय त्याच्यापाशी आधीच आहे. त्याला हवे आहे ते कारण.

५.

निवेदकास अर्थनिर्णय करावाच लागतो, याचे एक कारण आपल्या लिपीत आणि लेखनपद्धतीत आहे. देवनागरीत च, ज, झ या अक्षरांचे मराठीत दोन-दोन उच्चार होतात आणि लिपी त्यांत भेद करीत नाही. 'जरा' म्हणजे वार्धक्य आणि 'जरा' म्हणजे थोडे. 'चार' ही संख्या आणि 'गुरे चार' मधील आज्ञार्थ. डोळ्याने वाचणारा हा निर्णय नकळत करतो, निवेदकास तो उघडपणे करावा लागतो. संस्कृत वळणाच्या गद्यात 'जरा' चा उच्चार चुकला, तर तत्त्वचिंतनाचे वाक्य हास्यास्पद होते.

दुसरे उदाहरण एकारान्त रूपांचे. छापील 'घर पडले' हे निवेदक सहजपणे 'घर पडलं' असे वाचतो आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु 'वाडे पडले' येथे 'पडलं' चालणार नाही. दीर्घ वाक्यात कर्ता क्रियापदापासून दूर असेल, तर नपुंसकलिंगी एकवचन कोणते आणि पुंल्लिंगी अनेकवचन कोणते, हे आधीच ओळखून ठेवावे लागते. जो निवेदक पुढचे वाक्य आधी वाचून ठेवीत नाही, त्याचे व्याकरण येथे उघडे पडते. शिवाय संपूर्ण ग्रंथ 'पडले' असा वाचावा की 'पडलं' असा, हा शैलीचा निर्णय आहे. जुन्या वैचारिक गद्यातील औपचारिक अंतर एका अनुस्वाराने घरगुती होऊ शकते. यंत्रनिर्मित आवाजांचा प्रसार होत असताना हे प्रश्न अधिकच निकडीचे झाले आहेत. उच्चार शुद्ध असूनही अर्थ चुकीचा असू शकतो.

६.

शेवटचा प्रश्न आवाजाच्या अधिकाराचा आहे. प्रमाण मराठीतील पुस्तक प्रमाण उच्चारात वाचले जावे, ही अपेक्षा समजण्यासारखी आहे. पण सर्व पुस्तकांसाठी शहरी, सुसंस्कारित मानला गेलेला एकच स्वर ठरून गेला, तर त्यातून नकळत एक निवाडा होतो : कोणी वाचावे आणि कोणी केवळ ऐकावे. मूळचे जुन्नर तालुक्यातील निमगिरीचे असलेले डॉ. गोविंद गारे यांनी 'सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी' हा ग्रंथ लिहिला. अशा ग्रंथाचे श्राव्य रूप करावयाचे झाल्यास निवेदक कोण असावा? घाटघर, आहुपे, हातवीज, तळेघर ही नावे ज्याच्या तोंडी बसलेली आहेत, त्याच्या वाचनात माहितीला जी प्रचीती येईल ती केवळ उच्चारकोशाने येणार नाही. बोलीतील संवादांचे तर असे की, बाहेरच्या निवेदकाकडून त्यांची अनेकदा नक्कल होते आणि नकलेत थोडी थट्टा असतेच.

या संदर्भात जुन्नर तालुक्यातील आळे येथील एका स्थानाचा उल्लेख औचित्यास धरून होईल. पैठणास ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले, त्या रेड्याची समाधी आळे येथे आहे, अशी श्रद्धा आहे. आख्यान म्हणून ही कथा अद्भुतात मोडते; आशय म्हणून ती पठणाच्या अधिकाराविषयीचा युक्तिवाद आहे. ती सांगताना चमत्कारावर भर दिला, तर हाती एक नवल लागते. स्वर संयत ठेवून पैठणच्या धर्मसभेने विचारलेल्या प्रश्नावर भर दिला, तर पठणाचा अधिकार ठरवितो कोण, हा प्रश्न श्रोत्यापुढे उभा राहतो. आख्यान आणि निरूपण या दोन्ही स्वरांची कसोटी घेणारी याहून चांगली कथा क्वचितच सापडेल.

७.

वरील विवेचनावरून श्राव्य पुस्तकाच्या मूल्यमापनासाठी काही निकष सुचविता येतील. अद्भुतकथेत निवेदकाने श्रोत्याच्या कल्पनेस किती जागा ठेवली? वैचारिक गद्यात युक्तिवादाची वळणे कानाला समजली काय? लिपी जेथे मौन पाळते, तेथे निवेदकाने घेतलेला निर्णय ग्रंथाच्या अर्थाशी आणि भाषास्तराशी सुसंगत आहे काय? आणि हा ग्रंथ या आवाजात का, याचे काही उत्तर मिळते काय?

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने याचा एक सोपा उपयोग आहे. पुस्तक ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे, असे म्हणून विद्यार्थ्यास परतवून लावणे योग्य नाही. विशेषतः दृष्टिहीन विद्यार्थ्यास, किंवा ज्याचे तासन्‌तास एस.टी.च्या प्रवासात जातात त्यास. त्याऐवजी 'युगान्त'चे एक पान आणि 'इस्किलार'चे एक पान विद्यार्थ्याने स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करावे आणि प्रत्येक विरामाचे, प्रत्येक आघाताचे कारण वर्गात सांगावे. कारण सांगता आले, तर पान समजले. कारण सांगता आले नाही, तर ते पान डोळ्यांनी दहा वेळा वाचूनही वाचावयाचे राहिले आहे, हे अध्यापकास आणि विद्यार्थ्यास एकाच वेळी कळेल.