जुने नाव, नवे नाव : एका नामांतराचा पाठ

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागातील एका विद्यार्थ्याने बोलीतील शब्दांची सूची संकेतस्थळावर मांडली होती. शब्दावर टिचकी मारली की अर्थ उघडत असे. विद्यार्थी पदवी घेऊन गेला. पुढे कोणीतरी त्या पानामागची 'जेक्वेरी' ही लायब्ररी अद्ययावत केली आणि अर्थ उघडेनासे झाले. शब्द जागेवर होते, अर्थही होते; दोहोंना जोडणारे 'लाइव्ह' हे क्रियापद तेवढे लायब्ररीतून काढून टाकण्यात आले होते. या क्रियापदाची कथा भाषेच्या अभ्यासकाने पाहण्याजोगी आहे.

जेक्वेरी ही जॉन रेसिग यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेली जावास्क्रिप्टची छोटी लायब्ररी. टिचकीसारख्या घटनेला प्रतिसाद जोडण्यासाठी तीत 'बाइंड' ही आज्ञा होती; पण पानावर आधीपासून असलेल्या घटकांनाच ती लागू पडे. मागाहून येणाऱ्या घटकांसाठी २००९ साली 'लाइव्ह' आली आणि २०१० साली 'डेलिगेट'. एका कामाला तीन क्रियापदे झाली.

त्यांत 'लाइव्ह' फसवी होती. वाचताना वाटे, की प्रतिसाद त्या त्या शब्दाला जोडला आहे. प्रत्यक्षात पहारा संपूर्ण दस्तऐवजाच्या दाराशी बसे. त्यामुळे टिचकी वाटेत अडवू पाहणाऱ्याची निराशा होई, कारण ती दारापर्यंत आधीच पोचलेली असे. नाव एक सांगे, काम दुसरेच घडे.

नोव्हेंबर २०११ मधील १.७ या आवृत्तीने तिन्हींच्या जागी 'ऑन' ही एकच आज्ञा दिली. सूचीवर, टिचकी पडताच, शब्दासाठी, अर्थ दाखव, असा तिचा अन्वय. 'शब्दासाठी' हे पद गाळले की तीच आज्ञा 'बाइंड'चे काम करते. जोडणी सोडवण्यासाठी 'अनबाइंड', 'डाय' आणि 'अनडेलिगेट' अशी तीन नावे होती; त्यांच्या जागी 'ऑफ' आले. 'लाइव्ह'च्या उलट 'डाय' हा विनोद सुटला आणि दिव्याच्या बटणासारखी सरळ जोडी उरली.

मात्र हे नुसते शब्दाला शब्द ठेवणे नव्हते. 'डेलिगेट'मध्ये आधी घटक आणि मग घटना येई. 'ऑन'मध्ये आधी घटना आणि मग घटक. नाव बदलून क्रम तसाच ठेवणाऱ्याचा कार्यक्रम चुकणारच.

हा क्रमबदल आपल्याला परका नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात संख्यावाचनासाठी 'वीस दोन' ही रीत आली तेव्हा वाद झाला. 'बावीस'मध्ये एकक आधी, 'वीस दोन'मध्ये दशक आधी. लिहिलेल्या अंकांच्या क्रमाशी जुळणारी नवी रीत शिकणाऱ्याला सोपी. पण बाजारात, घरात आणि जुन्या हिशेबवह्यांत 'बावीस'च आहे. सोय नव्याची, वापर जुन्याचा, हा पेच दोन्हीकडे सारखाच.

जेक्वेरीकारांनी तो टप्प्याटप्प्याने सोडवला. २०११ मध्ये 'लाइव्ह' त्याज्य ठरवली, पण चालू ठेवली. जानेवारी २०१३ मधील १.९ या आवृत्तीत ती काढली आणि सोबत 'मायग्रेट' ही पुरवणी दिली. ही पुरवणी जुनी आज्ञा चालवून घेते आणि इशाराही देते. आमच्या सूचीचे अर्थ प्रथम उघडले ते तिच्यामुळेच. मग इशारे वाचून आम्ही मूळ आज्ञा दुरुस्त केल्या.

शिवकालीन राज्यव्यवहारकोशातही नव्या संस्कृत पर्यायाशेजारी रुळलेला यावनी शब्द आहे. तो शब्द नसता तर पर्याय कशाचा, हे वाचणाऱ्याला कळले नसते. परिभाषा घडवणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे : नवे नाव देण्याचा अधिकार त्याचा असला, तरी जुन्या नावावर कोणाचे तरी काम उभे असते, आणि ते करणारा दरवेळी दुरुस्तीसाठी हजर नसतो.

स्वाध्याय : आपल्या विषयातील बदललेली एक संज्ञा घ्या. जुने नाव कोठे दिशाभूल करत होते, नव्याने केवळ शब्द बदलला की वाक्यरचनाही, आणि जुने ग्रंथ वाचणाऱ्यासाठी कोणती 'पुरवणी' आहे, हे दहा ओळींत लिहा.