दार उघड, पण कागदही माग

पोलीस दारात आले म्हणजे आपण काहीतरी गुन्हा केलाय, हे भूत आधी डोक्यातून काढ बघू. उरणमध्ये खोल्या भाड्यानं देणाऱ्या बाईच्या दारात पोलीस कधी ना कधी यायचेच. एकीकडे न्हावा-शेव्याचं बंदर, एकीकडे ओएनजीसी, करंज्याला नौदल, आणि द्रोणागिरीपासून जासईपर्यंत सगळे कंटेनर यार्ड. तिथे राबणारी परगावची मुलं आपल्याच चाळींत राहतात. मग चौकशी होणार नाही तर काय होईल?

२०१६ चा सप्टेंबर आठवतो ना? उरीच्या हल्ल्याला चार दिवस झाले होते. आपल्याकडच्या शाळकरी मुलांनी काळ्या कपड्यांतली, हत्यारं घेतलेली माणसं नौदलाच्या तळाजवळ पाहिल्याचं सांगितलं आणि गावात एनएसजीपासून एटीएसपर्यंत सगळे उतरले. शाळा बंद, किनारा पिंजून काढला, सापडलं कुणीच नाही. अशा वेळी दार उघडायचं, बाजूला व्हायचं, वाद घालायचा नाही. पण बघ, ती धास्तीची घडी वेगळी आणि मंगळवारी दुपारी येणारे दोन हवालदार वेगळे. दुसऱ्या वेळी आपण मुकाट्यानं बाजूला होतो ना, ते मला खटकतं.

तर झडती. वॉरंट असेल तर ते वाचायला माग. वॉरंट नाही म्हणून दार मात्र आपटू नको गं. तपासात घाई असेल तर पोलिसांना वॉरंटाशिवायही झडती घेता येते. पण मग त्याची कारणं आधी लेखी नोंदवावी लागतात आणि त्या नोंदीची प्रत अठ्ठेचाळीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे पाठवावी लागते. नवी नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या कलम १८५ मध्ये हे आहे. आणि कलम १०५ तर तुझ्या फार कामाचं. झडतीचं आणि जप्तीचं चित्रण पोलिसांनी स्वतः करायचं, आवाजासकट, आणि ते लगेच मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं. तेव्हा ‘साहेब, व्हिडिओ सुरू आहे ना?’ असं विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

परिसरातले दोन पंच हवेत, ते पोलिसांच्या जीपमधून उतरलेले नकोत. झडती चालू असताना तू तिथे उभी राहू शकतेस. खोली भाडेकरूची असेल तर त्याला कामावरून बोलावून घे, कारण हजर राहायचा हक्क त्याचा आहे आणि तू नुसती किल्लीवाली. जे नेतील त्याची यादी होते, तिची प्रत घ्यायचीच. बाईची अंगझडती बाईच घेणार. कोऱ्या कागदावर सही? डोळे वटारून बघितलं तरी नाही.

साक्षीसाठी ‘ताई, जरा ठाण्यात या’ म्हणाले तर त्याच संहितेचं कलम १७९ सांग. साक्षीदार बाईला राहत्या घराबाहेर कुठे बोलावता येत नाही, जबाब घ्यायला त्यांनी घरी यायचं. सूर्य मावळल्यावर बाईला अटकही करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्यानं मॅजिस्ट्रेटची परवानगी आधी काढायची.

आता तू म्हणशील, कायदा कागदावर ठीक आहे, आपल्यासारख्यांचं कोण ऐकतंय? मग भिवंडीची गोष्ट ऐक. १९६५ साली तिथला एक पोलीस निरीक्षक रात्री वर्दीतच एका बाईच्या झोपडीत शिरला आणि तिच्यावर जबरदस्ती करायला गेला. तिनं आरडाओरडा केला. साहेब म्हणाले, मी तर दारूच्या धाडीवर गेलो होतो! खात्यानं त्याला बडतर्फ केलं, पण उच्च न्यायालयात बाईचंच चारित्र्य निघालं आणि अशा बाईच्या शब्दावर माणसाची नोकरी कशी घालवायची, असं ठरलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९० साली निकाल लागला की बाई कशीही असो, तिचं खासगीपण तिचं आहे आणि वाटेल तेव्हा तिच्या घरात घुसायचा कुणालाही हक्क नाही. पंचवीस वर्षं लागली, हे खरंच. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, ते सगळ्या पेपरांत आलं. भिवंडीच्या त्या झोपडीतली बाई मात्र कुणाला ठाऊक नाही. खरं सांगू का, मला तीच जास्त जवळची वाटते.

फोनचं काय, हे तू विचारणारच. गव्हाण फाट्यावर नाकाबंदी असली तर लायसन्स दाखव, गाडीचे कागद दाखव. ‘व्हॉट्सॲप उघडा’ म्हणाले तर आवाज न चढवता विचार, ‘कुठल्या गुन्ह्यात? जप्त करताय का? मग पंचनामा करा.’ बहुतेकदा गाडी पुढे जाते. पासवर्ड द्यावाच लागतो का, यावर कोर्टांचंच एकमत नाही. तिथे वकिलाला विचारल्याशिवाय तोंड उघडू नको. वकील परवडत नाही म्हणून रडत बसू नको, बाईला उत्पन्नाची अट नसते, विधी सेवा प्राधिकरणाकडून तो फुकट मिळतो. १५१०० नंबर फोनमध्ये साठवून ठेव, आत्ताच. आणि कोणी चोरून ऐकत असेल तर, ही धास्तीही असते ना तुला? मुंबईतल्या एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे केंद्राचे तीन आदेश २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केले आणि जे टिपलं होतं ते नष्ट करायला लावलं. लाचेचा संशय होता तरी. सार्वजनिक आणीबाणी नाही, सुरक्षिततेला धोका नाही, मग ऐकायचं कारण काय, असा सरळ हिशेब.

कॅमेऱ्यांबद्दल मात्र माझं मन दोन्हीकडे ओढतं. २०२४ च्या जुलैत आपल्या गावात एका तरुण मुलीचा खून झाला, त्यानंतर रस्त्यावर कॅमेरे नकोत असं कुठल्या आईच्या तोंडून निघेल? माझ्या तरी नाही. पण कॅमेरा बघतो कुणाला, ते आपण ठरवायला हवं. आमच्याकडे बसवला तेव्हा मी हौसेनं तो असा फिरवून घेतला की फाटक राहिलं बाजूला आणि समोरच्या काकूंचं सगळं वाळत घातलेलं मोबाइलवर. काकूंनी जे सुनावलं ते छापण्यासारखं नाही! तेव्हा तुझा फाटकावर आणि जिन्यावर ठेव. भाडेकरूंच्या दारांवर, मोरीकडे नको.

पोलीस फुटेज मागायला आले तर तोंडी सांगण्यावर डीव्हीआर उपसून हातात देऊ नको. लेखी पत्र माग, कुठली तारीख, किती ते किती वाजता ते विचार आणि तेवढीच नक्कल दे. पेटीच न्यायची म्हणाले तर तिचा कंपनीचा क्रमांक पंचनाम्यात लिहिलाय ना ते बघ. नव्या पुरावा कायद्यात अशा फुटेजसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश नावाची अंक-अक्षरांची लांब ओळ असते. फाइलमध्ये कुणी मागाहून काडीचाही बदल केला तर ती ओळ जुळत नाही. ती लिहून घेतलीस की पुढची निम्मी काळजी मिटली.

आणि कॅमेरा त्यांच्यावरही असतो बरं का. २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासकट कॅमेरे बसवून चित्रण दीड वर्षं जपायला सांगितलं. ठाण्यात तुला कोणी वेडंवाकडं बोललं तर तारीख आणि वेळ टिपून ठेव, फुटेज मागता येतं. वर्ध्यातल्या एका माणसानं ठाण्यात मोबाइलवर चित्रण केलं म्हणून त्याच्यावर चक्क गुपितं फोडण्याच्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला होता. २०२२ मध्ये नागपूर खंडपीठानं तो रद्द केला, पोलीस ठाणं ही त्या कायद्यातली निषिद्ध जागा नव्हेच म्हणून.

खोट्या पोलिसांचं मात्र ऐकून घेऊ नको. ‘तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत’ म्हणत वर्दीतला कोणी व्हिडिओ कॉलवर येतो. बंदराच्या गावात राहतो आपण, पार्सल म्हटलं की खरंच वाटतं! ‘तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात’ असं दटावतो, पण तसं काही कायद्यात नाही. फोन ठेव. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० ही सायबर हेल्पलाइन लाव.

आता उद्याचं काम. भाडेकरूंची माहिती ठाण्यात दे आणि पोच घे. आधारची प्रत पहिले आठ आकडे झाकलेली घे आणि ती चाळीच्या ग्रुपवर टाकू नको, ती पोरं आपल्या भरवशावर कागद देतात. पोच फायलीत लाव. फ्रिजवर चिकटवलीस तर लाइट बिलाखाली जाईल आणि ऐनवेळी मला फोन करशील.