वर्गात ‘हरवणारे’ मूल आणि डगमगणारा उंदीर

सक्करदऱ्याहून एक आई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. ‘‘डॉक्टरसाहेब, बोलता बोलता हा नुसता पाह्यत राह्यते. बाई म्हणतात, याचं ध्यानच नाही. मारही खाते.’’ कोणाच्या तरी सांगण्यावरून कॅल्शियमच्या गोळ्याही सुरू होत्या.

मी मुलाला समोर बसवून जोरजोराने श्वास घ्यायला लावला. दोन मिनिटांत तो थबकला. नजर स्थिर, पापण्यांची किंचित फडफड. दहा सेकंदांनी जणू काही झालेच नाही असा पुन्हा श्वास घेऊ लागला. हे दुर्लक्ष नव्हते. ‘अ‍ॅब्सेन्स’ नावाची फिट होती. मेंदूच्या आलेखाने तेच सांगितले.

असे का होते? याचे बरेचसे उत्तर उंदरांनी दिले आहे.

मेंदूतील पेशींच्या आवरणात सूक्ष्म दारे असतात. त्यांतून कॅल्शियमचे कण आत शिरले की पेशी दुसऱ्या पेशीला निरोप देते. या दारांचा आराखडा जनुकांत असतो. चालताना डगमगणाऱ्या उंदरांच्या एका वाणाचे वर्णन अमेरिकेत १९६२ साली प्रसिद्ध झाले. हे उंदीर मधूनच निश्चल होतात आणि त्या वेळी त्यांना फिट आलेली असते, हे १९७९ मध्ये मेंदूच्या आलेखावरून कळले. १९९६ मध्ये दोष सापडला तो कॅल्शियमच्या एका दाराच्या जनुकात! त्याच वर्षी या जनुकातील बिघाड माणसांतही आढळला. काही घराण्यांत त्यामुळे अर्धे अंग तात्पुरते लुळे पाडणारी अर्धशिशी होते, काहींत अधूनमधून तोल जातो.

२००१ मध्ये कोरियातील शास्त्रज्ञांनी ‘टी’ जातीच्या एका दाराचे जनुक काढून टाकलेले उंदीर घेतले. अ‍ॅब्सेन्स फिट आणणारे रसायन टोचूनही ते तिला दाद देईनात. या आजारावरचे इथोसक्सिमाइड हे जुने औषध हीच ‘टी’ दारे अडवते.

अर्थात, उंदीर म्हणजे मूल नव्हे. बहुतेक मुलांत एकच एक सदोष जनुक सापडत नाही. पण बोध स्पष्ट आहे. या मुलांच्या रक्तात कॅल्शियम कमी नसते, म्हणून कॅल्शियमच्या गोळ्यांनी या फिट थांबत नाहीत. शेजाऱ्याची मिरगीची गोळीही देऊ नये. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांनी ही फिट वाढू शकते. डॉक्टरांनी दिलेले औषध नेमाने द्यावे, मनाने बंद करू नये. फिट आटोक्यात येईपर्यंत मुलाला एकट्याने पोहायला किंवा रस्त्यावर सायकलने पाठवू नये. पुष्कळ मुलांत हा त्रास वयात येताना थांबतो.

त्या आईजवळ मी दोन चिठ्ठ्या दिल्या. एक औषधाची. दुसरी शाळेतल्या बाईंना: ‘मुलगा मुद्दाम करीत नाही. कृपया मारू नये.’