रिमोट डेस्कटॉप: सर्व्हर मुंबईत, काम देवपुरात

धुळ्यातल्या देवपूरच्या एखाद्या कर सल्लागाराने टॅली भाड्याच्या विंडोज सर्व्हरवर ठेवायचं ठरवलं, तर फायदा उघड आहे. शिरपूरला किंवा साक्रीला पार्टीच्या दुकानात बसूनही टॅलीतली तीच कंपनी उघडते, आणि धुळ्यात लाइट गेली तरी मुंबईतला सर्व्हर चालूच राहतो. अडचण वेगळीच आहे. सर्व्हर हाती येतो तेव्हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट ३३८९ पुष्कळदा सगळ्या जगाला उघडा असतो. असे पत्ते हुडकणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात. पत्ता सापडला की पासवर्डचा मारा सुरू होतो. मे २०१९ मध्ये उघड झालेल्या ‘ब्लूकीप’ दोषात तर पासवर्डचीही गरज नव्हती. तो इतका घातक होता, की मायक्रोसॉफ्टने सेवा कधीच बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली. म्हणून हा पोर्ट इंटरनेटवर दिसताच कामा नये. खालची सगळी कृती त्यासाठीच आहे.

सर्व्हर घेताना मुंबई किंवा पुण्यातलं डेटा सेंटर निवडा. अंतर कमी असलं की माऊस अडखळत नाही. दोन-तीन माणसांसाठी ८ जीबी रॅम धरा. विंडोज सर्व्हरवर एका वेळी दोन जोडण्या फुकट मिळतात, पण त्या सर्व्हर सांभाळण्यापुरत्या आहेत. कर्मचाऱ्यांच्या रोजच्या कामाला रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसचे परवाने लागतात. ते महिन्याच्या भाड्याने मिळतील का, हे आधीच विचारून घ्या.

सर्व्हर सुरू करण्यापूर्वी तो भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या पॅनलमधल्या फायरवॉलमध्ये ३३८९ फक्त तुमच्या सध्याच्या आयपी पत्त्याला खुला करा. आत शिरल्यावर पहिलं काम विंडोज अपडेट. मग दुसऱ्या नावाचं ॲडमिन खातं तयार करा, त्याने लॉगिन होतंय याची खात्री करा आणि मूळचं ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ खातं बंद करा. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र साधं खातं द्या आणि ते ‘रिमोट डेस्कटॉप यूजर्स’ गटात टाका. एकच पासवर्ड सगळ्या ऑफिसात फिरत असेल, तर कोणी काय केलं हे नंतर कधीच कळत नाही.

आता महत्त्वाचा भाग. एकाच आयपी पत्त्याला परवानगी देऊन थांबावं, असं वाटेल. पण आपल्याकडच्या ब्रॉडबँडचा पत्ता बदलत राहतो, आणि मोबाईल नेटवर तर एक पत्ता शेकडो ग्राहक वाटून घेतात. त्यामुळे वायरगार्डचा बोगदा करावा. हे व्हीपीएन सॉफ्टवेअर फुकट आहे. सर्व्हरवर आणि प्रत्येक लॅपटॉपवर ते बसवा. प्रत्येक यंत्राची खासगी आणि सार्वजनिक अशी दोन किल्ल्यांची जोडी तयार होते. खासगी किल्ली त्या यंत्राबाहेर जाऊ देऊ नका, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. सर्व्हरला १०.८.०.१ आणि लॅपटॉपना १०.८.०.२ पासून पुढचे पत्ते द्या. लॅपटॉपच्या ‘अलाउड आयपीज’मध्ये फक्त सर्व्हरचा १०.८.०.१ हा पत्ता लिहा, म्हणजे बाकीचं इंटरनेट नेहमीच्या वाटेने जाईल. ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ ठेवा. पॅनलमध्ये आणि विंडोज फायरवॉलमध्येही यूडीपी ५१८२० उघडा. तो उघडा असला तरी भीती नाही: ओळखीची किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही.

बोगद्यातून १०.८.०.१ ला रिमोट डेस्कटॉप जोडला गेला, की मगच पुढे जा. सर्व्हरच्या फायरवॉलमधले रिमोट डेस्कटॉपचे नियम उघडा, ‘स्कोप’मध्ये १०.८.०.० ते १०.८.०.२५५ एवढेच पत्ते घाला, आणि पॅनलमधला ३३८९ पूर्ण बंद करा. हा क्रम उलटा झाला तर तुम्हीच बाहेर राहाल. त्या वेळी पॅनलमधला कन्सोल उपयोगी पडतो, म्हणून तो चालतोय हे आधी पाहून ठेवा.

शेवटी मोबाईल नेटवरून, बोगदा बंद ठेवून, सर्व्हरच्या सार्वजनिक पत्त्याला जोडून बघा. जोडणी झालीच नाही, तर काम बरोबर झालं.

‘नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन’ चालू ठेवा आणि पाच चुकीच्या पासवर्डनंतर खातं पंधरा मिनिटं बंद होईल, असं करा. लाइट गेल्यावर सेशन तुटतं पण संपत नाही. पुन्हा जोडलं की उघडी व्हाउचर तशीच समोर येतात. संध्याकाळी मात्र खिडकी नुसती बंद न करता साइन आउट करायची सवय सगळ्यांना लावा. अपडेटनंतरचा रीस्टार्ट जीएसटीच्या ११ आणि २० तारखा टाळून घ्या. बॅकअप रोज घ्या, त्याची एक प्रत सर्व्हरबाहेरच्या डिस्कवर ठेवा, आणि ती डिस्क एरवी काढून ठेवा. आठवड्यातून एकदा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४६२५ क्रमांकाच्या नोंदी, म्हणजे फसलेले लॉगिन, पाहा.

कर्मचारी काम सोडून गेला, तर त्याच दिवशी त्याचं खातं बंद करा आणि सर्व्हरवरून त्याच्या लॅपटॉपची वायरगार्ड किल्ली काढा. या यंत्रावर पार्ट्यांचे पॅन, बँकेचे उतारे आणि जीएसटीचे पासवर्ड असतात. हे काम उद्यावर टाकू नका.