मराठी मुलांना रशियन किती अवघड? : एका लहान वर्गातले अनुभव



आमचं कॉलेज लहान. रशियनच्या वर्गात यंदा नऊ मुलं आहेत. प्रवेशाच्या वेळी एक आई म्हणाल्या, "सर, मुलीला मेडिकलला रशियात पाठवायचंय. तिकडं इंग्रजीतच शिकवतात म्हणे. मग ही अवघड भाषा कशाला?" प्रश्न रास्त आहे. आधी 'अवघड'चं बघू, मग 'कशाला'चं.

१) अक्षरं : रशियन लिपीत 33 अक्षरं आहेत. इंग्रजीतल्या 'पी'सारखं दिसणारं अक्षर 'र' असतं आणि 'एच'सारखं दिसणारं 'न'. मुलं सुरुवातीला हमखास फसतात, पण रोज थोडं लिहिलं की सवय होते. खरी अडचण उच्चाराची. दुधाला लिहायचं 'मोलोको', म्हणायचं मात्र 'मलको', कारण आघात शेवटच्या अक्षरावर असतो. म्हणून नवा शब्द आधी कानावर पडू द्या, मग फळ्यावर लिहा.

२) व्याकरण : इथं मराठी मूल पुढे असतं. रशियनमध्ये लिंगं तीन, आपल्याकडेही तीन. विभक्ती सहा, संस्कृत शिकलेल्या मुलाला त्याची भीती वाटत नाही. फक्त मराठीतलं लिंग तिकडं नेऊ नका. घर म्हणजे 'दोम' पुल्लिंगी, पुस्तक म्हणजे 'क्नीगा' स्त्रीलिंगी आणि खिडकी म्हणजे 'अक्नो' नपुंसकलिंगी! बहुतेक वेळा शब्दाच्या शेवटावरून लिंग कळतं, तेवढं लक्षात ठेवायचं.

वाक्यरचना तर आणखी जवळची. 'म्न्ये न्रावित्सा' म्हणजे 'मला आवडतं'. 'म्न्ये खोलदना' म्हणजे 'मला थंडी वाजतेय'. इंग्रजीत इथं 'मी' कर्ता होतो; रशियनमध्ये आपल्यासारखंच 'मला'. म्हणून माझी शिक्षकांना विनंती आहे, रशियन इंग्रजीतून समजावू नका, थेट मराठीतून समजावा.

३) शब्द : ब्रात-भ्राता, द्वेर-द्वार, अगोन-अग्नी, झिमा (हिवाळा)-हिम. ही उसनवारी नाही. दोन्ही भाषा एकाच मोठ्या भाषाकुळातल्या, म्हणून हे साम्य.

४) संस्कृती : हा भाग मी नावांपासून सुरू करतो. लेखक अंतोन पावलोविच चेखव यांच्या नावात मधला शब्द वडिलांचा आहे, पावेलचा मुलगा तो पावलोविच. मुलगी असती तर पावलोवना. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, अगदी आपल्यासारखंच! शिक्षकांना हाक मारताना पहिलं नाव आणि वडिलांचं नाव जोडून म्हणतात. 'तू' आणि 'तुम्ही'चा भेदही तिथं आहे.

पण एक फरक आहे. रशियन बाईचं लग्न झालं तरी नावातलं वडिलांचं नाव तसंच राहतं. आपल्याकडे रूढीनं तिथं नवऱ्याचं नाव येतं. हे सांगितलं त्या दिवशी आमच्या मुलींनी तास संपला तरी चर्चा थांबवली नाही. भाषा शिकताना स्वतःच्या घराकडे नव्यानं बघता येतं, ते असं.

आता 'कशाला'? तास इंग्रजीत झाला तरी दवाखान्यातला रुग्ण रशियनच बोलणार. 'श्तो ऊ वास बलीत?' म्हणजे 'तुमचं काय दुखतंय?' हे विचारता आलं, तरी आजीबाईंनी दिलेलं उत्तर कळायला हवं ना! ते महिन्याभरात जमत नाही. म्हणून जाण्याआधी वर्षभर तयारी करावी. आमच्यासारखा वर्ग जवळ नसेल तर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि मुंबईत पेडर रोडवरचं रशियन हाऊस इथं चौकशी करावी. एका प्रमाणपत्रावर नोकरी लागते, असं मात्र मी कुणाला सांगत नाही.

राहिला लहान वर्गाचा प्रश्न. मुलं दहाच्या खाली गेली की वर्ग चालवायचा का, ही चर्चा आमच्याकडे दरवर्षी होते. माझा हिशेब साधा आहे. 50 मिनिटांच्या तासात नऊ जणांना प्रत्येकी पाच मिनिटं बोलायला मिळतात. साठ जणांच्या वर्गात एक मिनिटही मिळत नाही. आणि बोलल्याशिवाय भाषा येत नाही. त्यामुळे पटसंख्या बघून असे वर्ग बंद करू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

त्या आईंची मुलगी सध्या पहिल्या बाकावर बसते. चुकते, हसते, पुन्हा म्हणते.

घरी करून बघा : वडिलांचं नाव व्यंजनाच्या उच्चारावर संपत असेल, तर मुलाला 'ओविच' आणि मुलीला 'ओवना' जोडा. वडील मोहन असतील तर मुलगा मोहनोविच, मुलगी मोहनोवना. आज जेवताना घरातल्या सगळ्यांना याच नावानं हाक मारा. आजी-आजोबांना विसरू नका!