दाणे चालतील, अक्षरं जायला नकोत

बैलकुप्प्याच्या मठात काढलेला माझा एक फोटो मोठा छापून हातात आला, तेव्हा पहिल्या नजरेत तो सुंदर दिसला. गुळगुळीत, स्वच्छ, कुठे एक दाणा नाही. मग भिक्षूच्या मांडीवरच्या पोथीकडे लक्ष गेलं. तिबेटी लिपीत दोन अक्षरगटांच्या मध्ये वरच्या रेघेलगत एक बारीक ठिपका असतो, तो कुठेच नव्हता. अक्षरांच्या जागी अक्षरांसारखे दिसणारे फराटे होते. भिक्षूच्या कपाळावरच्या सुरकुत्या पुसल्या गेल्या होत्या आणि चेहरा मेणाचा वाटत होता. छपाई करणाऱ्याने मला न विचारता संगणकावर नॉइज, म्हणजे कमी उजेडात फोटोत उठणारे दाणे, काढून टाकला होता. संगणकाच्या लेखी पोथीतला ठिपका आणि अंधारातला दाणा एकच.

मूळ फाइल उघडून बघितली. तिच्यात दाणे भरपूर होते, पण प्रत्येक ठिपका जागेवर होता आणि ज्याला ती लिपी येते त्याला पान वाचता आलं असतं. ते पान कुणीतरी श्रद्धेने वाचत होतं. ते बिघडवून भिंतीवर लावायचा हक्क मला नव्हता, म्हणून ती प्रत लावली नाही. कमी उजेडात फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला मी तेव्हापासून हेच सांगत आलो आहे: दाणे चालतील, अक्षरं जायला नकोत.

बैलकुप्पे पिरियापट्टण तालुक्यात आहे, म्हैसूर–मडिकेरी रस्त्यावर. तिबेटी निर्वासितांची ही वसाहत १९६०च्या सुमारास उभी राहू लागली. पेनोर रिंपोछे यांनी १९६३ साली इथे नामड्रोलिंग मठाची स्थापना केली आणि ज्याला सगळे सुवर्णमंदिर म्हणतात ते मोठं मंदिर १९९९ साली खुलं झालं. आत बुद्ध, पद्मसंभव आणि अमितायुस यांच्या साठेक फूट उंच सोनेरी मूर्ती आहेत. लोक त्या मूर्तींचे फोटो काढून परततात. पण कॅमेऱ्याची खरी परीक्षा असते ती पहाटेच्या पाठाच्या वेळी, लोण्याच्या दिव्यांजवळ, खांबांच्या सावलीत बसलेल्या माणसांपाशी.

दाणे मुळात येतात कुठून? पावसाचे पहिले थेंब अंगणातल्या शहाबादी फरशांवर पडतात, तेव्हा एका फरशीवर तीन थेंब पडतात, शेजारच्या फरशीवर सात, पलीकडे एकही नाही. पाऊस चांगला झोडपून पडला की सगळ्या फरशा सारख्याच ओल्या दिसतात. प्रकाशाचंही असंच आहे. सेन्सरच्या एका पिक्सेलवर दहा हजार प्रकाशकण पडले तर त्यात शंभराच्या आसपास मागेपुढे होतं, म्हणजे एक टक्का. शंभरच कण पडले तर दहाचा फरक पडतो, म्हणजे दहा टक्के, आणि तो डोळ्याला खुपतो. प्रकाश चौपट केला की दाणेदारपणा निम्मा होतो. नॉइज म्हणजे मुख्यतः प्रकाशाची उणीव. कॅमेरा महाग असला म्हणून ही उणीव भरून निघत नाही.

म्हणूनच ‘आयएसओ वाढवला की फोटो फाटतो’ ही समजूत फार नुकसान करते. आयएसओ वाढवल्याने प्रकाश कमी होत नाही आणि तो ८०० वर धरून ठेवल्याने वाढतही नाही. शटर आणि ॲपर्चर तेच ठेवून आयएसओ खाली ठेवला, तर फोटो काळा येतो. मग तो संगणकावर उजळवायचा, आणि सावल्यांतून दाणे वर येतात. बऱ्याच कॅमेऱ्यांत, विशेषतः जुन्यांत, त्यासोबत पट्टेही येतात. त्यापेक्षा ३२०० किंवा ६४०० वर जा, पण फोटो पुरेसा उजळ घ्या. हिस्टोग्राम डावीकडे दाटला असेल तर एक्सपोजर वाढवा. दिव्याची ज्योत पांढरी पडली तर पडू द्या, ज्योतीत बघण्यासारखा तपशील नसतोच. चेहरा मात्र बुडता कामा नये.

आयएसओच्या आधी लेन्सकडे बघा. कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम लेन्स लांबच्या टोकाला सहसा एफ ५.६ वर असते. ५० मिमीची साधी एफ १.८ लेन्स तिच्यापेक्षा जवळपास दहापट प्रकाश आत घेते. मठात मी हीच एक लेन्स नेतो. पाठ चालू असताना भिक्षू डोलतात, पानं उलटतात, म्हणून शटर १/६० च्या खाली नेत नाही. नगारा वाजवणाऱ्याला १/१२५ लागतो. मूर्ती हलत नाहीत, तिथे उलट करावं: आयएसओ खाली आणि कॅमेरा स्थिर. ट्रायपॉड चालेल का हे आधी विचारावं, नसेल चालत तर खांबाला टेकवून एकाच जागेवरून सोळा फोटो घ्यावेत आणि घरी एकमेकांवर जुळवून त्यांची सरासरी काढावी. दाणे पाव हिश्श्यावर येतात, आणि एकही रेघ कल्पनेने भरावी लागत नाही. ही मला सगळ्यांत प्रामाणिक पद्धत वाटते.

दिव्यांच्या उजेडाची आणखी एक अडचण कुणी सांगत नाही. ज्योतीच्या प्रकाशात लाल भरपूर असतो आणि निळा जवळजवळ नसतो. कॅमेरा व्हाइट बॅलन्स साधायला तो क्षीण निळा कित्येक पटींनी वाढवतो, त्यासोबत निळ्यातले दाणेही वाढतात. म्हणून भिक्षूंच्या गडद तांबड्या वस्त्रांच्या चुण्यांत निळेजांभळे डाग दिसतात. व्हाइट बॅलन्स थोडा उबदारच ठेवला तर हे डाग बरेच कमी दिसतात, आणि दिव्याचा उजेड दिव्याचाच राहतो.

याच पिरियापट्टण तालुक्यात रात्री फोटो काढण्याजोगं दुसरं ठिकाण म्हणजे तंबाखूच्या भट्ट्या. मी निपाणीचा. आमच्याकडे विडीची तंबाखू उन्हात वाळते. पिरियापट्टणला सिगारेटसाठीची व्हर्जिनिया तंबाखू पिकते, तिची पानं काठ्यांना बांधून बंद खोलीत टांगतात आणि खालून लाकडं जाळून तापलेल्या नळांच्या उष्णतेने वाळवतात. ऐन पावसाळ्यात रात्ररात्र जागून जाळ सांभाळावा लागतो. ‘फोटो तेगीबहुदा?’ (फोटो काढू का?) असं कन्नडमध्ये विचारलं की बहुतेक जण हसून बाजूला सरकतात. त्यांना सरकू देऊ नका. जाळाच्या तोंडाशी, उजेडाकडे चेहरा करून बसायला सांगा. दोन पावलं पुढे आल्याने मिळणारा उजेड कुठल्याही सॉफ्टवेअरला देता येत नाही. भट्टीशेजारी कॅमेरा तापतो आणि तापलेला सेन्सर लांब एक्सपोजरला रंगीत ठिपके टाकतो. म्हणून मधल्या वेळात कॅमेरा पडवीत, वाऱ्याला ठेवा.

मोबाइलवाल्यांसाठी एवढंच. गुगलने २०१८ मध्ये पिक्सेल फोनवर आणलेला नाइट साइट आणि आता बहुतेक फोनांवर असलेला नाइट मोड एका दमात अनेक फोटो घेऊन ते जुळवतो. देवळाला, डोंगराला उत्तम. जाळात ओंडका सरकवणाऱ्या हातांना मात्र तो विरघळवून टाकतो. त्या माणसाला क्षणभर थांबायची विनंती करा, किंवा नाइट मोड बंद करा.

घरी आल्यावर नॉइज काढायचा तर रॉ फाइलवर काढा, जेपेगवर नाही. रंगीत डाग आधी घालवा, ते खुशाल पूर्ण घालवा. काळेपांढरे दाणे थोडे राहू द्या, कापडाचा पोत आणि कातडीचा जिवंतपणा त्यांच्याच आधाराने टिकतो. २०२३ मध्ये लाइटरूममध्ये आलेल्या एआय डीनॉइजसारखी साधनं फार कामाची आहेत, मीही वापरतो, पण ती हरवलेला तपशील अंदाजाने भरतात. त्यामुळे वापरल्यावर पडद्यावर शंभर टक्के आकारात अक्षरं, पापण्या, विणीचे धागे मूळ फाइलशी ताडून बघा. अक्षर बदललं असेल तर प्रमाण कमी करा. आणि पडद्यावर खुपणारे दाणे पोस्टकार्ड आकारात छापल्यावर दिसतही नाहीत, तेव्हा छापण्याचा आकार ठरल्याशिवाय पुसायला बसू नका.

छपाईला फाइल देताना आता मी सोबत चिठ्ठी लिहून देतो: नॉइज रिडक्शन, स्मूदिंग, ऑटो करेक्शन काहीही करू नये. आधी हाताएवढ्या तुकड्याची चाचणी प्रत मागतो, आणि तो तुकडा चेहऱ्याचा किंवा लिखाणाचा असेल असं बघतो. थोडे पैसे जास्त पडतात. लग्नातल्या रात्रीच्या वरातीचे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो छापायला देणाऱ्यांनीही हेच करावं. एवढं सांगूनही कुणी फाइलमधले दाणे पुसू लागला, तर तिथून फाइल परत घ्या आणि दुसरीकडे छापा.