दोन दिवस विजापूर : गटाची सहल कशी ठरवावी, काय पाहावं

मैत्रिणींनो, गटाची सहल म्हटलं की पहिलं नाव निघतं ते देवस्थानाचं. त्यात वाईट काही नाही. पण देवाला जातेय म्हटलं तर घरून हो मिळतं, नुसतं ‘बघायला जातेय’ म्हटलं तर भुवया उंचावतात, हा अनुभव बहुतेक सगळ्यांचा. म्हणून या पाठात फक्त पाहण्यासाठीची सहल घेऊ. ठिकाण विजापूर, म्हणजे आताचं विजयपुरा. सोलापूरहून साधारण १०० किलोमीटर. १६८६ साली औरंगजेबानं जिंकेपर्यंत आदिलशाहीची राजधानी. शहाजीराजे याच दरबारी होते आणि अफझलखान निघाला तोही इथूनच.

आधी पैशाचं. समजा गटात १२ जणी आहेत. दरमहा ५० रुपये सहलीचे म्हणून टाकले तर १० महिन्यांत एकीचे ५००, सगळ्यांचे ६,००० होतात. हे पैसे नेहमीच्या बचतीत मिसळू नका. बैठकीत ठराव घ्या, इतिवृत्तात लिहा, रजिस्टरला वेगळा रकाना पाडा. भाडं, मुक्काम, जेवण यांचे दर आधी विचारा. कमी पडत असेल तर महिने वाढवा. सहलीसाठी अंतर्गत कर्ज मात्र नकोच. कर्ज शेळीला घ्या, मशीनला घ्या, पोरीच्या फीला घ्या. बँकेचा हप्ता ज्या आठवड्यात असतो तो आठवडाही टाळा.

एखादीला ५० रुपये जड जातात. तिला भरल्या बैठकीत विचारू नका, ती लाजेनं ‘मला यायचंच नाही’ म्हणेल. अध्यक्ष किंवा सचिव ताईनं तिच्या घरी जाऊन बोलावं. तिला झेपेल तेवढे टाकू दे आणि तारीख त्या मानानं पुढं घ्या.

मग घरचं काय? जनावरं, म्हातारी माणसं, लहान लेकरं? गटाच्या दोन तुकड्या करा. सहा जणी गेल्या की उरलेल्या सहा जणींनी त्यांच्या घरचं पाहायचं, पुढच्या महिन्यात अदलाबदल. घरच्या माणसांनाही दोन दिवस भाकरी थापायला हरकत नाही म्हणा!

प्रवासाबाबत एक ध्यानात ठेवा. आपल्या एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण ते राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढचं पूर्ण पडतं. कर्नाटकात बायकांना बस फुकट हे आपण ऐकतो, पण ती सोय तिथल्या रहिवासी बायकांसाठी. कंडक्टरशी वाद घालू नका. सोलापूरहून रेल्वेही आहे.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर गोल घुमट गाठा. उशीर झाला की शाळांच्या सहली येतात आणि पोरांच्या आरोळ्यांत काही ऐकू येत नाही. ही मुहम्मद आदिलशहाची कबर, काम १६५६ च्या सुमाराचं. आत सुमारे १८,००० चौरस फुटांचा एकच चौक आणि मधे एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी घुमटाचा भार भिंतींवर नेलाय. कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्याच्या जिन्यानं वर जाता येतं. जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा आहे; गुडघे दुखत असतील तर खालीच थांबा, खालूनही घुमट पाहण्यासारखा आहे. वर सज्जात भिंतीशी तोंड नेऊन हळू बोललं की समोरच्या टोकाला स्वच्छ ऐकू जातं. टाळी वाजवली तर सात-सात वेळा परत येते.

दुपारी मलिक-ए-मैदान तोफ. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्यात हत्ती. काही काळ ती परांड्याच्या किल्ल्यात होती. एवढं धूड त्या काळी इतक्या दूर कसं आणलं असेल, हे तिथं उभं राहिल्यावर कळतं.

दुसरा दिवस इब्राहिम रोजाला द्या. मला विचाराल तर गोल घुमटापेक्षा हाच जास्त बघावा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची आणि त्याच्या राणीची, ताज सुलतानाची कबर इथं आहे. दगडात कोरलेल्या अक्षरांच्या जाळ्या बघा, आपल्या भरतकामाला नमुने मिळतील. त्याच राणीच्या नावाची ताज बावडी आणि चांदबिबीच्या नावाची चांद बावडी, या दोन विहिरीही पाहा. चांदबिबी नगरच्या निजामशहाची मुलगी, विजापूरची सून. १५८० मध्ये नवऱ्याच्या खुनानंतर नऊ वर्षांच्या पुतण्याच्या नावानं तिनं इथला कारभार पाहिला. पुढं १५९५ मध्ये माहेरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवला. सुरुंगानं पडलेलं खिंडार तिनं रातोरात बुजवून घेतलं.

जामा मशिदीत जाताना चपला बाहेर ठेवा, डोक्यावर पदर घ्या.

जेवायला एखादी खानावळ शोधा. ज्वारीची कडक भाकरी, भरलं वांगं, शेंगाची चटणी, सगळं आपल्या ओळखीचं. ही कडक भाकरी तिकडं बायका करून विकतात, ती बरेच दिवस टिकते. एक पाकीट घेऊन या आणि वजन, किंमत, पॅकिंग बैठकीत सगळ्यांना दाखवा.

आल्यावर पहिल्याच बैठकीत खर्च वाचून दाखवा, तिकिटं-पावत्या फाइलला लावा. आणि दुसऱ्या तुकडीची तारीख तेव्हाच लिहून घ्या, नाहीतर ती राहते ती राहतेच.